चार बोटं वाळू

परवा सकाळी मी जास्वंदीला पाणी घालत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून वहिनींचा अंबाडा वर आला. आधी अंबाडा, मग चष्मा, मग हनुवटी. आमच्या दोन घरांमधली भिंत साडेचार फुटांची आणि वहिनी तिच्यापेक्षा फार उंच नाहीत, म्हणून त्यांनी पलीकडच्या अंगाला एक उपडी बादली कायमची ठेवून दिलीय. नळाला पाणी आलं का, कढीपत्ता हवा का, असलं किरकोळ काही असेल तर त्या जमिनीवरूनच ओरडतात. बादलीवर चढल्या म्हणजे समजायचं, विषय मोठा आहे.

"बाई, आलात ते रविवारीच कळलं," त्या म्हणाल्या. (मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे अख्खी आळी मला बाईच म्हणते. वहिनी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या, तरी त्याही.) "म्हटलं, झोप-बीप पुरी होऊ दे. आता सांगा. सूनबाई चालायला लागली का?"

"चालायला? तिचं चालणं थांबलं होतं कधी?"

"अहो, दरीत पडली ना सायकलवरून? हेलिकॉप्टर बोलवावं लागलं म्हणे."

मी झारी खाली ठेवली. सहा महिने डेन्वरला लेकाकडे होते. ऑक्टोबरात सून सायकलवरून पडली आणि हासळीचं हाड मोडलं, एवढीच बातमी मी आमच्या ह्यांना फोनवर दिली होती. हे तोवर साताऱ्याला परतले होते. ह्यांनी ती संध्याकाळी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगितली. चढावर सांगितली म्हणून असेल, तिला पहिल्याच दिवशी दरी चिकटली. मग ती किराणा दुकानात उतरली, तिथून भिशीला गेली, आणि तिथे कुणीतरी अमेरिकेत डोंगरात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने आणतात हे ज्ञान पुरवल्यावर हेलिकॉप्टरचीही सोय झाली.

"दरी नव्हती हो," मी म्हटलं. "वाळू होती. चार बोटं खोल."

वहिनींचा चेहरा इतका पडला की मलाच अपराधी वाटलं. इतके महिने वाट बघायची आणि शेवटी चार बोटं वाळू!

"थांबा, उतरू नका बादलीवरून," म्हटलं. "पडली ती वाळूत, पण वाळूपर्यंत पोचली कशी ते तर ऐका."

तर ते गाव मोआब. युटा राज्यात, डेन्वरपासून साडेपाचशे किलोमीटर. शुक्रवारी दुपारी निघालो, गाडीच्या पाठीवर दोन सायकली उभ्या बांधलेल्या, डिक्कीत माझा कुकर. पाचेक हजार वस्तीचं गाव, शेजारून कोलोरॅडो नदी, आणि चहूकडे लाल कडे. लाल म्हणजे किती लाल, तर आपल्या कौलांचा ढीग रचावा आणि त्यावर संध्याकाळचं ऊन पडावं.

"तिथे लोक करतात काय?" वहिनींचा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो. गाव कुठलंही असो, लोक काय करतात आणि पाणी किती वेळ येतं.

"आधी युरेनियम काढायचे, आता सायकली चालवतात."

मग चार्ली स्टीनची गोष्ट सांगावीच लागली. खरं तर तिचा सायकलशी लांबचा संबंध, पण वहिनींना थोडं तरी हेलिकॉप्टर द्यायला हवं होतं. हा स्टीन भूगर्भशास्त्रज्ञ. खिशात दमडी नाही, बायको आणि चार पोरं झोपडीत, आणि हा उन्हात भोकं पाडत हिंडतोय. सगळे म्हणायचे, याचं डोकं फिरलंय. १९५२ साली त्याला युरेनियम लागलं. खाणीला नाव दिलं मी विदा, म्हणजे माझं आयुष्य. मग काय विचारता! झिजलेल्या बुटांना धातूचा मुलामा देऊन ते जपून ठेवले, टेकडीवर बंगला बांधला, अख्ख्या गावाला मेजवान्या दिल्या. गावात टीव्ही नीट दिसायचा नाही, तर हा विमानात टीव्ही घेऊन आभाळात घिरट्या घालत कार्यक्रम बघायचा असं सांगतात.

"अगंबाई! आणि बायको?"

"बायको झोपडीतही होती आणि बंगल्यातही होती. १९६८ साली कराच्या थकबाकीपायी सरकारने मालमत्तेवर टाच आणली, तेव्हाही होती."

वहिनींनी या बाईसाठी एक उसासा सोडला. पुढे युरेनियमची मागणीच आटली, १९८०च्या सुमारास खाणी बंद पडत गेल्या, घरं रिकामी व्हायला लागली. आणि मग ज्या दगडावर गवताची काडी उगवत नाही, त्याच दगडाने गाव पोसलं. १९६९ साली मोटरसायकलवाल्यांनी त्या दगडावर एक फेरा आखून ठेवला होता. सायकलवाल्यांना तो पुढे सापडला. आता जगभरचे लोक गाडीवर सायकल बांधून तिथे येतात. आम्हीही त्यातलेच, फक्त कुकरसकट.

"दगडावर सायकल?" वहिनी म्हणाल्या. "म्हणजे आपल्या घाटासारखं?"

इथे माझ्यातली भूगोलाची बाई जागी झाली. आपला दगड काळा, लाव्ह्याचा. अजिंक्यतारा, यवतेश्वर, सगळा त्याच घराण्यातला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तिकडचा दगड त्याहून जवळजवळ तिप्पट म्हातारा, आणि तो मुळात वाळू. जुरासिक काळातल्या वाळवंटात वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या जागच्या जागी दगड होऊन बसल्या. नवाहो सँडस्टोन म्हणतात त्याला. जवळून पाहिलं तर वाऱ्याने घातलेल्या तिरक्या रेघासुद्धा तशाच. वर उघडे पडलेले ते गोल, गुळगुळीत उंचवटे बघून मला काय आठवलं असेल सांगा? कंदी पेढे. परातीत पेढे पसरून ठेवावेत, तसेच खरपूस रंगाचे. फक्त एकेक पेढा दोन मजली घराएवढा. सायकल एका पेढ्यावरून चढवायची, उतरवायची, की लगेच दुसरा पेढा.

"साताऱ्याचं माणूस कुठे गेलं तरी पेढाच दिसायचा त्याला," वहिनी म्हणाल्या.

त्या दगडाला नाव स्लिकरॉक, म्हणजे घसरडा दगड. पूर्वी नाल ठोकलेली घोडी त्यावर घसरायची म्हणून ते नाव पडलं म्हणतात. हात फिरवून बघितलं तर अगदी उलट, पॉलिश पेपरसारखा खरखरीत. लोखंड घसरतं, रबर चिकटतं. इतकं चिकटतं की जिथे माणूस चपला हातात घेऊन, बसून उतरेल, तिथून ही पोरं सायकलवर बसून वर जातात. चढाच्या जागी दगडावर टायरांचे काळे पट्टे उठलेत, तव्यावर डोसा लागावा तसे. आणि वाट म्हणाल तर वाटच नाही. दगडावर पांढऱ्या रंगाच्या तुटक रेघा मारल्यात, हमरस्त्याच्या मध्ये असतात तशा. रेघ जिकडे जाईल तिकडे आपण. रेघ भिंतीवर चढली तर आपणही भिंतीवर. शेजारूनच जीपवाल्यांची वेगळी वाट जाते. ते लोक गाडी अशा कोनात चढवतात की मी डोळे मिटून रामरक्षा पुटपुटले.

"पूर्ण फेरा किती?"

"सतरा किलोमीटरच्या आसपास. तीन-चार तास लागतात."

"सतराला चार तास?" वहिनी खो खो हसल्या. "आमचे बाबा कोरेगावहून सायकलने यायचे. पाठीमागे धान्याचं पोतं. दीड तासात दारात."

हे मात्र खरं, आणि त्याला उत्तर द्यायला मला सायकलीपासून सुरुवात करावी लागली. तुमच्या बाबांची सायकल वेगळी, वहिनी. तिला तीन भाग, चाकं, दांडा आणि घंटी. सुनेच्या सायकलीला पुढे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, मागे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ब्रेकमध्ये तेल, हँडल इतकं रुंद की आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून तिरकं करून आणावं लागेल. वापरलेली घेतली, तरी साडेतीन लाखांना पडली.

"किती?"

"साडेतीन."

बादली थोडी डुगडुगली. मी घाईघाईने पुढे गेले. सर्वांत गंमत सीटची. हँडलला एक खटका असतो. तो दाबून सीटवर भार टाकला की सीट सुळकन खाली जाते. उठून पुन्हा खटका दाबला की वर येते. चढाला सीट वर, उताराला खाली. आपल्याकडे सीट वर-खाली करायची म्हणजे दुकानातून पाना आणायचा, दोघांनी सायकल धरायची, आणि ती दुसऱ्या दिवशी वाकडीच व्हायची. आणि टायरात ट्यूब नाही. आत दुधासारखं एक पांढरं पाणी ओतलेलं असतं. काटा घुसला की ते भोकाशी धावतं आणि तिथेच घट्ट होऊन बसतं. घमेल्यात बुडबुडे बघायची भानगड नाही. हवाही कमीच भरतात, टायर जरा मऊच ठेवतात. मऊ टायर दगडावर पसरतो आणि धरून राहतो.

"दुधासारखं म्हणजे दूध का?" वहिनींनी विचारलं. पण तेवढ्यात त्यांच्या गेटवर भाजीवाला आला, त्या मान वळवून मेथीचा भाव विचारू लागल्या, आणि माझं उत्तर वाऱ्यावर गेलं. हे लक्षात ठेवा.

मेथी महाग निघाली. त्या परत वळल्या. "हं. आणि तुम्ही काय करत होतात? गाडीत बसून होतात?"

इथेच तर खरी गोष्ट सुरू होते. मीही असंच ठरवलं होतं, गाडीत बसायचं, वाचायचं. पण मोठ्या फेऱ्याच्या तोंडाशी शिकाऊंसाठी एक लहान फेरा आहे, साडेतीन-एक किलोमीटरचा. नावाला शिकाऊ. दगड तोच, चढ तेच, फक्त लवकर संपतं इतकंच. सून म्हणाली, "आई, चला ना थोडं. पायी येता येईल तुम्हाला." मी सलवार-कमीज आणि लेकाचे जुने बूट घालून निघाले.

मला वाटलं होतं, ही पोरं सुसाट सुटतील आणि मी मागे धूळ खात राहीन. कसलं काय! दर दहा मिनिटांनी ती मला सापडत होती, कारण ती उभीच होती. एक अवघड जागा आली की दोघं उतरायची, सायकली आडव्या ठेवायची, आणि हात कमरेवर ठेवून दगडाकडे बघत बसायची. जमीन घ्यायला आलेल्या माणसांसारखी. ती खालून बघायची, वरून बघायची, बुटाने एखादा खडा बाजूला सारायची. "इथून लाईन धरली तर पुढचं चाक त्या खळग्यात जाईल." "मग डावीकडून ये." "डावीकडे पायरी आहे." लाईन म्हणजे चाक नेमकं कुठून न्यायचं ती मनातली रेघ. पांढऱ्या रेघेच्या आत आणखी एक रेघ, ज्याची त्याची वेगळी. कधी पाच-पाच मिनिटं ही चर्चा, आणि प्रत्यक्ष सायकल चालवणं सात-आठ सेकंदांचं. आणि कधी एवढं सगळं बघून झाल्यावर सून शांतपणे म्हणायची, "आज नको," आणि सायकल हाताने ढकलत पुढे जायची. ना लाज, ना स्पष्टीकरण. मला हे फार आवडलं. आपल्याकडे माणूस एकदा कपडे काढून विहिरीच्या काठावर उभा राहिला की त्याला उडी मारावीच लागते, मग पोहता येवो न येवो.

एका पेढ्याशी मात्र ती अडून बसली. चढ उभा, आणि मध्यावर वीतभर उंचीची पायरी. पहिल्या खेपेला पायरीशी वेग मेला आणि तिने पाय टेकला. दुसऱ्या खेपेला पुढचं चाक उचललं जाऊन हँडल छातीशी आलं. पायडलला खिळ्यांसारखे बारीक दाते असतात, बूट घसरू नये म्हणून. ते नडगीवर ओढले गेले. मी बघितलं, नडगीवर जुने-नवे ओरखडे, मांजराशी रोज भांडण असल्यासारखे. म्हटलं, आता सोडेल. तर ती माझ्याकडे आली. "आई, तुम्ही वर जाऊन त्या टोकाशी उभ्या राहाल?"

"कशाला गं?"

"मी पायरीकडे बघते ना, म्हणून पायरीतच अडकते. सायकल नजरेच्या मागे जाते. मला तुमच्याकडे बघायचंय."

आता सांगा, वहिनी. साठी उलटलेली सासू लेकाच्या बुटांत, कोट्यवधी वर्षांच्या दगडाच्या टोकावर उभी, आणि खालून सून सायकल घेऊन थेट तिच्या अंगावर येतेय. मी ओढणी कमरेला खोचली. ती सीटच्या अगदी टोकावर सरकली, छाती हँडलवर वाकवली, कोपरं खाली दाबली. हे असं केलं की पुढचं चाक उचलत नाही. गिअर सगळ्यात हलका. पाय सावकाश, पण थांबायचे नाहीत. आणि डोळे माझ्यावर. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर तिने नवऱ्याकडे इतकं रोखून बघितलं नसेल. पायरीशी आली तेव्हा क्षणभर अंग पुढे फेकल्यासारखं केलं, मागचं चाक खरर् करून घसरलं, धरलं, आणि ती वर. माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. तिच्या श्वासाची वाफ माझ्या तोंडावर आली.

"मी डोळे मिटले होते," मी तिला कबूल केलं.

"मला दिसलं," ती म्हणाली.

वहिनी गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बरं, चढलं ते चढलं. पण उताराला ब्रेक? आम्हाला सांगायचे, पुढचा ब्रेक दाबायचा नाही, कोलांटी बसते."

मी तेच विचारलं होतं. तर म्हणे थांबवण्याची खरी ताकद पुढच्याच ब्रेकात असते. फक्त मूठ आवळायची नाही. एक बोट, हळूहळू. उताराला सीट खाली, पाय पायडलवर उभे, दोन्ही पायडल एका पातळीत, टाचा खाली, कंबर मागे, आणि नजर चार सायकली पुढे. चाकाखाली काय आहे ते बघायचंच नाही. ते मघाशीच बघून झालेलं असतं.

आणि ब्रेकवरून एक गंमत आठवली. हा सगळा उद्योग कॅलिफोर्नियातल्या पोरांनी सुरू केला, १९७० नंतरच्या दशकात, मारिन काउंटीत. सायकली कसल्या, तर १९३०-४० सालच्या जुन्या, जाड टायरच्या, लोखंडी. ब्रेक पायाचा, पायडल उलटं मारलं की लागायचा. डोंगराच्या कच्च्या रस्त्याने उतरताना तो ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोचल्यावर पुन्हा ग्रीस भरायचं, तेव्हा कुठे पुढची खेप. म्हणून त्या उताराचं नावच पडलं रिपॅक. तिथली पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ची. गॅरी फिशर नावाच्या माणसाने तो उतार ४ मिनिटं २२ सेकंदांत मारला. त्या टोळक्यात वेंडी क्रॅग म्हणून एक बाई होती, ती सायकलही चालवायची आणि फोटोही काढायची. त्या दिवसांचे बरेचसे फोटो तिचेच.

"म्हणजे बाईने फोटो काढले म्हणून बाप्यांची कीर्ती झाली," वहिनी म्हणाल्या. मी काही बोलले नाही. वहिनींचे यजमान बागेतच होते.

लेकाची बढाईही सांगून टाकते. आदल्या वर्षी त्याने तिथली मोठी वाट केली होती, होल एंचिलाडा. एंचिलाडा म्हणजे सारण भरून गुंडाळलेली मेक्सिकन पोळी. होल एंचिलाडा म्हणजे तिकडच्या बोलीत सगळंच्या सगळं. गाडीवाला डोंगरात वर नेऊन सोडतो. ३,२०० मीटरच्या वरून सुरू करायचं ते १,२०० मीटरवर, कोलोरॅडोच्या काठाशी संपवायचं. आपलं कळसूबाई समुद्रापासून १,६४६ मीटर, हा त्याहून जास्त उतार एका दिवसात! लेकाने वर्षभर हे दहा जणांना सांगितलं. त्या वाटेवर दगडातली एक खाच आहे, स्नॉच म्हणतात. तिचं वर्णन करताना तर त्याचे हात फिरायचे. मोआबला जेवताना सुनेने सहज विचारलं, "आणि स्नॉचला तू काय केलंस?" हा कुकरचं झाकण बघायला उठला. उतरून, सायकल खांद्यावर घेऊन गेला होता. बहुतेक लोक तेच करतात म्हणा.

"बापावर गेलाय," वहिनी म्हणाल्या. हेही खरंच आहे.

एक गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नसती तरी कळली असती. दगडात ठिकठिकाणी डबकी आहेत, पावसाच्या पाण्याची. सून त्यांना वळसा घालून जायची, सायकल आत घालायची नाही. म्हटलं, का गं? तर त्यात बारीक कोळंबीसारखे जीव असतात. पाणी आटलं की अंडी सुक्या मातीत पडून राहतात, पुढच्या पावसाची वाट बघत. अगदी आपल्या कासच्या सड्यासारखं! तिथेही कातळावरच्या डबक्यात काय काय वळवळत असतं. आणि दगडांच्या फटीत जी काळपट, फुगीर माती दिसते ती जिवंत असते, शेवाळं-दगडफुलांनी विणलेली. एक पाऊल पडलं तर भरून यायला दशकं लागतात. म्हणून रेघेवरच राहायचं. कासला लोक सेल्फीसाठी फुलांत लोळतात, त्यांना तिथे महिनाभर पाठवावं असं मला वाटून गेलं.

"आणि पडली कुठे?" वहिनींनी शेवटी विचारलं. खरं म्हणजे त्यांनी बराच संयम दाखवला होता.

पडली परतताना. सगळं अवघड संपलं होतं. लांबून गाडीची काच चमकताना दिसत होती. दोन पेढ्यांच्या मधल्या बेचक्यात वारा वाळू आणून टाकतो, तसली एक जागा. लांबी चार-पाच पावलं, खोली चार बोटं. दगडावर चिकटलेलं चाक वाळूत आलं की रुततं. त्यासाठीही त्यांचा शिरस्ता आहे. अंग मागे, हँडल सरळ आणि सैल, पाय चालू, पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, वळायचं तर अजिबात नाही. ती हे पन्नास वेळा करून चुकलेली. पण हँडल जरासं वळलं, चाक आडवं रुतलं, आणि ही हँडलवरून पुढे. हात टेकला. हात टेकला की धक्का मनगटातून खांद्यात आणि खांद्यातून हासळीत. सायकलवाल्यांचं हे ठरलेलं हाड आहे, तिथल्या डॉक्टरला फोटो बघायच्या आधीच कळलं होतं. दरी नाही, हेलिकॉप्टर नाही. माझ्या ओढणीची झोळी करून हात गळ्यात बांधला आणि ती पायी चालत गाडीपर्यंत आली. लेक मागून दोन हातांत दोन सायकली ढकलत. सहा आठवडे पट्टा होता. मी वेणी घालून द्यायचे. कोल्हापूरची पोर, एका हाताने तांबड्या रश्शाची वाटी तोंडाला लावायची.

"पण हँडल वळलंच कसं?" वहिनी म्हणाल्या. "एवढं सगळं येतं म्हणता."

"होतं कधीकधी," मी म्हटलं आणि झारी उचलली.

हे तुम्हाला सांगते, भिंतीपलीकडे जाऊ देऊ नका. ती वाळूत शिरत होती, मी मागे वीसेक पावलांवर होते. ऊन चढलं होतं. तिने सकाळपासून घोटभरच पाणी प्यायलेलं मी बघितलं होतं. आणि माझ्यातली आई, सासू, बाई, जी कोण होती ती, मोठ्याने ओरडली, "अगं, पाणी पिऊन घे!" तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

बस्स. सायकल नजरेच्या मागे गेली.

लेक पुढे होता, त्याने ऐकलं नाही. डॉक्टरने विचारलं तेव्हा ती म्हणाली, वाळू. मैत्रिणींनी विचारलं, वाळू. लेकाने दहा वेळा खोदून विचारलं, तुझं लक्ष कुठे होतं? तर म्हणाली, दमले होते. सहा आठवडे मी रोज रात्री तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवत होते आणि रोज सकाळी तो रिकामा असायचा. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी एकदाही बोललो नाही.

वहिनी बादलीवरून उतरल्या. आधी हनुवटी गेली, मग चष्मा, शेवटी अंबाडा. "हेलिकॉप्टर नव्हतं तर," पलीकडून आवाज आला, स्वतःशीच पुटपुटल्यासारखा.

मला वाटलं, चला, एकदाची अफवा मिटली. काल संध्याकाळी इस्त्रीवाल्याकडे साड्या आणायला गेले. त्याने गठ्ठा बांधला, पैसे घेतले, आणि मी वळणार इतक्यात जरा पुढे झुकून, आदराने विचारलं, "बाई, अमेरिकेत सायकलच्या टायरात दूध घालतात म्हणे. म्हशीचं चालतं का?"